ढेपेकाकांचा डावा हात

रोहिणीने टीव्हीमागे हात घालून राउटरची वायर हळूच ओढली आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने बाजूला झाली. पडद्यावरचं चित्र थांबलं.

"गेलं नेट. आता उद्याच बघू," ती म्हणाली.

"उद्या कशाला? मी काम टाकून आले ना!" शेजारच्या सावित्रीबाई दिवाणावर मांडी घालून बसल्या होत्या.

रोहिणीच्या आईने, सुलाबाईंनी, वाकून वायर पुन्हा बसवली. लेकीने काढलेली माणसं टीव्हीत चालताबोलताना बघायची होती, त्यात एवढीशी वायर काय आडवी येणार!

रोहिणीचा जीव टांगणीला लागला. गंगापूर रोडवरच्या एका स्टुडिओत तिने या विनोदी कार्टून मालिकेतली माणसं घडवली होती. सगळी जमली, एक शेजारचे काका तेवढे जमेनात. "नुसत्या सावलीवरून माणूस ओळखू आला पाहिजे," असं म्हणत तिचे साहेब तिचे कागद परत करायचे. आठ दिवस हेच चाललं. मग एका संध्याकाळी वडील फाटकाशी उभे दिसले. डावा खांदा उतरलेला, डावा हात खिशात. पाच मिनिटांत चित्र झालं. अंग तिने गुळाच्या ढेपेचं दिलं, नावही ढेपेकाका ठेवलं, पण उभं राहणं वडिलांचंच राहिलं. स्टुडिओत सगळे पोट धरून हसले. तीही हसली होती, आणि तेच आता तिला खात होतं.

कारखान्यात प्रेस मशीनखाली करंगळी गेली तेव्हापासून, म्हणजे वीस वर्षं, तिच्या वडिलांचा, निवृत्तींचा, तो हात खिशात होता. लग्नकार्यात, फोटोत, परक्या माणसासमोर तो कधी बाहेर आला नाही. घरात त्यावर कुणी चकार शब्द काढत नसे. चहासुद्धा सुलाबाई त्यांना नुसत्या कपात द्यायच्या, कारण बशी म्हटली की दुसरा हात लागतो.

आताही ते खुर्चीत तसेच बसले होते.

पडद्यावर ढेपेकाका आले. एका हाताने छत्री उघडायला गेले आणि ती त्यांच्यावरच उलटली. मग त्यांनी केळं दातांनी सोललं. सावित्रीबाईंना हसू आवरेना.

"अगं बाई, हा तर डिट्टो आपल्या..." बोलता बोलता त्यांची नजर खुर्चीकडे गेली. त्यांनी पदर तोंडाला लावला.

रोहिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाचं दुखणं आपणच चव्हाट्यावर मांडलं, आणि वर त्याचा पगार घेतला. सुलाबाई चहा करायला आत गेल्या.

निवृत्ती खुर्चीतून पुढे सरकले.

"रोहिणी, थांबव जरा ते."

तिने थांबवलं. पडद्यावर अख्खी सोसायटी फाटकापाशी जमली होती.

"त्या दूधवाल्याला बोटं चारच?"

"हो पप्पा. कार्टूनमध्ये तशीच पद्धत असते. पाच काढली तर हातात गर्दी दिसते."

"त्या वहिनीला पण?"

"सगळ्यांनाच."

निवृत्तींनी एकेका माणसाचे हात नीट पाहिले. शेवटी ढेपेकाकांपाशी त्यांची नजर थांबली.

"मग हा एकटाच कशाला लपवतोय?"

ढेपेकाका रोहिणीने समोरून, मागून, बाजूने काढले होते, पण त्यांचा तो हात कधी काढलाच नव्हता.

सुलाबाई चहा घेऊन आल्या. सावित्रीबाईंना कपबशी आणि निवृत्तींना नेहमीसारखा नुसता कप. त्यांनी तो उजव्या हातात घेतला, ओठांपर्यंत नेला आणि परत खाली घेतला.

"फार गरम आहे गं," ते म्हणाले. "मला पण बशी दे."