दहाच्या दहा बाटल्या

हैदर पिंजारी कापसाच्या टेम्पोवरून पडला आणि त्याचा डावा खांदा मोडला, तेही लेकीचं, गुलनाजचं लग्न ठरलं त्याच महिन्यात. आखाडा बाळापुरात कापूस यंत्रावर पिंजून मिळायला लागून जमाना झाला होता. पण लेकीच्या लग्नातल्या रजईचा कापूस बापानंच पिंजायचा, हा त्यांच्या घरचा रिवाज. डाव्या हातानं धनुष्यासारखं वजनदार पिंजण उचलून धरायचं आणि उजव्यानं त्याच्या तातेवर, ताणलेल्या दोरीवर, लाकडी मुठा हाणायचा. डावा हातच नाही तर रजई कुठली!

प्लास्टर काढताना डॉक्टरांनी बजावलं, "रोज खांद्यापासून हात फिरवा, नाहीतर सांधा कायमचा आखडेल." हैदर कसला ऐकतोय! "रिकामा हात काहून हलवू? याड लागलंय का मला?" म्हणून बसला.

त्याचा मुलगा आतिफ मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होता. त्यानं पदरमोड करून नांदेडहून टीव्हीला जोडायचा खेळ आणला. दांडकं धरून हात झुलवला की पडद्यावरचा चेंडू घरंगळत जाऊन दहा बाटल्या पाडायचा. बटणांच्या खेळात नुसता अंगठा हलतो. इथं अख्खा हात फिरवावा लागतो, एवढ्यासाठीच आतिफनं तो निवडला होता.

पहिल्या दिवशी हैदरनं दातओठ खाऊन डावा हात झुलवला. खांद्यातून कळ गेली, चेंडू कडेच्या नालीत. पुन्हा नालीत. पुन्हा तेच. म्हाताऱ्याचं तोंड एवढंसं झालं आणि आतिफला ते बघवेना. दांडक्याला खांदा कळत नाही, झटका तेवढा कळतो, हे त्यानं ताडलं होतं. मुठा हाणायला शिकवताना बापच म्हणायचा, हात दमवू नको, मनगट चालव. आतिफनं तेच बापाला ऐकवलं. "अब्बा, खांदा राहू द्या. नुसतं मनगट मारा."

दहाच्या दहा आडव्या! मग काय, हैदर रोज बाजेवर कोपर टेकवून जिंकायचा आणि आतिफ टाळ्या पिटायचा. असे चार महिने गेले.

लग्नाला तीन आठवडे उरले तेव्हा हैदरनं पिंजण खाली काढलं. हात छातीच्या वर जाईना. डॉक्टरांनी खांदा चाचपून मान हलवली. "व्यायाम केला नाही?"

"रोज केला," आतिफ म्हणाला, आणि बोलता बोलताच आपण काय करून बसलो ते त्याला कळलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना एसटीत तो रडायलाच लागला. "अब्बा, माझ्यामुळं तुमचा हात गेला."

"खांदा हलून न्हाई राहिला, हे मला कळत नव्हतं व्हय?" हैदर म्हणाला.

"मग काहून खेळलात तसं?"

"मी हरलो की तुझं तोंड उतरायचं, बेटा. जिंकलो की लेकरासारखा नाचायचास."



गुलनाजची रजई दुकानातून आली. निघताना ती बापापुढं वाकली. हैदर दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवायला गेला, पण एकच पोचला. आतिफ सामान उचलायच्या निमित्तानं बाहेर निघून गेला.