पाहुण्यांची कमान

"पोरं पळायच्या आधी मैदान आपण अनवाणी चालून बघायचं, स्टेला," असं तिचे वडील सांगायचे. तेही तिसगावात खेळशिक्षकच होते.

उद्या पाथर्डीच्या मैदानावर विभागीय स्पर्धा होत्या, आणि संयोजक रंगनाथराव मात्र पाहुण्यांच्या फुलांच्या कमानीभोवतीच घुटमळत होते. शेळ्यांनी फुलं खाऊ नयेत म्हणून या शहाण्यांनी कुंपणाला बाभळीच्या फांद्या आणल्या, त्याही धावपट्टीवरून फरफटत. पट्टीभर काटे सांडले होते.

"रंगनाथराव, माझ्या शाळेची सृष्टी अनवाणी पळते. या काट्यांचं काय?"

"अवो बाई, बूट घाला की तिला! गाड्यांची वाट झाडून घेतलीया आमी. पाहुण्यांचं टायर फुटलं तर लई शोभा व्हईल."

टायर! यांच्यापेक्षा त्या शेळ्यांना जास्त अक्कल, असं स्टेलाच्या मनात आलं. आईबाप ऊसतोडीला गेलेली ती पोर बुटात अडखळायची. "तुझ्या पायाला काटा लागू देणार नाही," असा शब्द स्टेलानं तिला दिला होता.

कमानीखाली रंगनाथरावांचे फोटो निघत होते. स्टेलानं मनातल्या मनात प्रार्थना म्हटली, चपला बाजूला काढून ठेवल्या आणि ती धावपट्टीवर हळूहळू पाऊल टाकत निघाली.