बाबांच्या अंगठ्यातलं चंदन

शिंप्याच्या दुकानात त्या दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. सुगंधीबाबा एकेकाचं मनगट अंगठ्याने चोळत होते आणि पाच मिनिटांत मनगटाला चंदनाचा वास सुटत होता. ज्याचं मन शुद्ध त्यालाच तो येतो, असं बाबांचं म्हणणं. मग काय, गल्लीत अशुद्ध माणूस औषधालाही उरला नाही.

मोठ्याबाईंनीही मनगट हुंगून "अहाहा" केलं होतं. खरं तर त्यांना काडीचाही वास आला नव्हता. पण चंदनतेलाच्या कारखान्यात भट्टीवर तीस वर्षं तोऱ्यात काढलेली बाई चारचौघांत पापी ठरणार होय?

मग लेकीला कडेवर घेतलेल्या त्यांच्या सुनेची पाळी आली. ती त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत तेल तपासायची. हुंगून सरळ म्हणाली, "मला काहीच वास येत नाही."

बाबांनी डोळे मिटले. या बाईची सावली लेकरावर नको, म्हणाले. महिनाभर एकटीला माहेरी धाडा. मोठ्याबाईंचा मुलगा, म्हणजे तिचा नवराच, मान डोलवायला लागला. सुनेने लेकीला घट्ट धरलं.

मोठ्याबाईंनी स्वतःचं मनगट पुन्हा हुंगून पाहिलं. सून पापी, तर आपण कोण?

"मलाही वास आला नव्हता," त्या उठून म्हणाल्या. "खोटं बोलले मी."

शिंप्याची कात्री उघडीच राहिली.

"दिवसभर चंदनात बसणाऱ्याचं नाक त्याच वासाला सुस्तावतं. यात पाप कसलं डोंबलाचं? बाबा, अंगठा द्या बघू."

बाबा हात कफनीत घालायला लागले. मोठ्याबाईंनी तो ओढून शिंप्याच्या पातळ कागदावर दाबला आणि कागद खिडकीशी धरला. अंगठ्याएवढा डाग, त्यातून आरपार उजेड. पंख्याखाली धरला तरी वाळेना. पाणी नव्हे, तेल.

सुनेने मग समजावलं: चंदनाच्या तेलात मुख्य द्रव्य असतं सॅन्टॅलॉल, अल्फा आणि बीटा असं दोन प्रकारचं. ते सावकाश उडतं, अंगाच्या उबेने हळूहळू दरवळतं.

"सख्खे भाऊच ते," मोठ्याबाईंनी फोड केली. "थोरला अल्फा जागा अडवतो, धाकटा बीटा घमघमतो. लिंबाचा वास पळून जातो. हे दोघे जावयासारखे ठाण मांडतात."

शिंपी हसता हसता मशीनवर आडवा झाला. बाबांना साबणाने अंगठा आणि नखं घासायला लावली आणि पुन्हा दहा मनगटं चोळायला लावली. दहाही जणांना साबणाचाच वास आला. बाबा चपला घालायलाही थांबले नाहीत.

मुलगा खाली मान घालून उभा होता.

"वास आला नाही, तर नाही म्हणावं," मोठ्याबाई सगळ्यांना म्हणाल्या. "आणि कशाने आला ते विचारावं. मी आधीच खरं बोलले असते, तर तो अंगठा माझ्या सुनेपर्यंत पोचलाच नसता."