नऊ वर्षं 'परत बघू'

इंगालिलने शाळेची बस दवाखान्याच्या दारात आडवी लावली आणि तरातरा आत गेली. सव्वीस वर्षं ती गावातली पोरं आणते-नेते. परवा रिकामी बस परत आणताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. छातीतली धडधड तर रोजचीच. बस हातची जाईल या भीतीने ती गप्प होती, पण आज रक्त काढणाऱ्या नर्सपाशी, सोल्वेगपाशी, बोलून गेली आणि सोल्वेगने ते लिहून ठेवलं.

दूर उत्तरेतल्या या गावात दक्षिणेतून दर आठवड्याला विमानाने नवा डॉक्टर येतो. सोमवारी बूट काढतो, शुक्रवारी घालतो. या आठवड्याचा स्टेलान.

"कॅल्शियम थोडं वर आहे," तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. "सहा महिन्यांनी परत बघू."

"कोण बघणार? तू तर शुक्रवारी पळणार."

"इंगालिल, माझ्याकडे पंधराच मिनिटं आहेत."

"माझी नऊ वर्षं गेलीत."

तिने बसचं जुनं वेळापत्रक टेबलावर आपटलं. मागे तिच्या कॅल्शियमचे आकडे, सगळे अडीचच्या वर: २.५८, २.६१, २.६३, २.६४... शेवटी २.७२. अकरा डॉक्टर, आणि जवळपास प्रत्येकाचा एकच शेरा, 'परत बघू'. मधल्या काळात मुतखडा झाला, रक्तदाब चढला, साखर वाढली, मनगट मोडलं. प्रत्येक दुखण्याला वेगळी गोळी मिळाली.

"गळ्यात तांदळाएवढ्या चार ग्रंथी असतात म्हणे. त्यातली एक माजलीय. हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओततेय आणि माझं हृदय भोगतंय. त्या ग्रंथीचं हार्मोन कुणी तपासलंच नव्हतं. गेल्या आठवड्यात सोल्वेगने तपासायला पाठवलं. हवं त्याच्या दुप्पट निघालं."

"हे नर्सने ठरवायचं असतं का?"

"तुम्ही डॉक्टरांनी ठरवलं असतं तर तिला काय हौस होती? चौथी ओळ वाच. मोठ्याने."

"२.६४. हाडं ठिसूळ. कॅल्शियमच्या गोळ्या सुरू..." स्टेलान अडखळला. पुढे त्याचंच नाव होतं. सहा वर्षांपूर्वीचा एक आठवडा. त्याला तो आठवतही नव्हता.

माणूस शरमला की एक तर माफी मागतो, नाहीतर चावतो. स्टेलान चावला. स्क्रीनवर सोल्वेगची नोंद होती.

"परवा अंधारी आली आणि आज सकाळी पोरं आणलीस?"

"आणली."

"आजपासून बस बंद. परवाना खात्याला कळवतोय."

दोन मिनिटांत पत्र गेलं. नऊ वर्षं कुणाची बोटं हलली नव्हती, आणि आता ती कशी भराभर चालली! त्याहून संताप याचा, की त्याचं बरोबर होतं. मागच्या सीटवर बसणारी सहा वर्षांची पोरं तिच्या डोळ्यांपुढे आली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"आता ती ग्रंथी काढायला सर्जनला लिही."

"संध्याकाळी लिहितो."

"आत्ता. मी इथून उठत नाही."

बाहेर लोक खोळंबले होते. त्याने लिहिलं, पाठवलं, आणि 'झालं?' अशा नजरेने तिच्याकडे पाहिलं.

"नाही झालं. तीन वाजता पोरं शाळेच्या दारात उभी राहतील. शाळेला फोन लाव. स्पीकरवर."

त्याने लावला. मुख्याध्यापिकेचा आवाज आला.

"इंगालिलला आज जरा बरं नाहीये," स्टेलान म्हणाला, "त्यामुळे बस—"

"आज नाही, नऊ वर्षं," इंगालिल मधेच म्हणाली. तिने वेळापत्रक त्याच्यापुढे सरकवलं आणि आकड्यांच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "इथपासून सांग."