चार कडव्यांचा फेस

या, जरा जवळ सरकून बसा. वेल्सच्या डोंगरात, पाटीच्या दगडाच्या खाणीखाली आमचं गाव आहे, तिथली गोष्ट सांगतो. गोष्ट दाढीच्या फेसाची, पण तिच्यात एका माणसाचं काळीज जळत होतं.

इथेल प्रॉबर्ट पिढीजात न्हावी. त्याचे वडील एलायस गेले आणि वर्षाच्या आत मॉर्डेकाय बेव्हनने समोरच दुकान थाटलं. मॉर्डेकाय मूळचा खाणीतला. सुरुंगात डाव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा एलायसनेच त्याला दुकानात घेऊन वस्तरा शिकवला होता. आता शनिवारी अर्धी खाण त्याच्या बाकावर बसलेली असे. रविवारी आमच्याकडे वस्तऱ्याला कुणी हात लावत नाही, तेव्हा शनिवारी जो रिकामा तो आठवडाभर रिकामा.

पण इथेलला गर्दीपेक्षा झोंबायचा तो मॉर्डेकायचा फेस. दुधावरच्या जाड सायीसारखा, गालावर बसला की हलायचं नाव नाही. इथेलचा फेस नुसता फुगायचा, बुडबुडे यायचे, आणि वस्तरा हनुवटीला पोचेपर्यंत त्याचा पापुद्रा व्हायचा. त्याने साबण बदलला, ब्रश बदलला, पिंप लावून पावसाचं पाणी धरलं. बायको नेस्ट म्हणाली, एवढं घुसळून निदान लोणी तरी निघालं असतं. त्यावर तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

आणि अशात प्रवचनांचा मोठा रविवार आला. म्हातारे पाद्री एसाया रीस दरवर्षी यायचे. त्यांचं प्रवचन रंगात आलं की बोलता बोलता शब्द सुरात चढायचे, आणि दगड फोडणारे गडी लहान मुलांसारखे रडायचे. आदल्या दिवशी त्यांची दाढी करायचा मान प्रॉबर्टांचा, दोन पिढ्यांचा. गेल्या वर्षी इथेलने त्यांचा गाल सोलवटला होता. यंदा पाद्रीबुवांनी आधीच कळवलं, येईन तुझ्याकडेच, पण फेस सुकला तर उठून समोर जाईन.

इथेलने चार दिवस दाढी वाढवली आणि गुरुवारी रस्ता ओलांडला. बाकावर खसखस पिकली. न्हावीच दाढी करून घ्यायला आला, आता पाद्री पापाची कबुली द्यायला येतील, असं कुणीसं म्हणालं. मॉर्डेकायने काही न विचारता त्याला खुर्चीत बसवलं.

इथेलची नजर आरशातून वाटीवर. साबण तोच, पाणी तेच. मॉर्डेकायने भिजलेला ब्रश झटकला, साबणावर फिरवू लागला आणि गुणगुणायला लागला. पहिलं कडवं संपेपर्यंत नुसता साबण. दुसऱ्याला पाण्याचे दोन थेंब. तिसऱ्याला आणखी दोन. चौथं कडवं गालावर, गोल गोल. भजन एलायसचं होतं. इथेलही फेस घुसळताना रोज तेच म्हणायचा, पण शनिवारच्या घाईत त्याने ते एका कडव्यावर आणलं होतं. देवाला पहिल्या कडव्यात पोचतं, असं त्याचं म्हणणं.

"चारही म्हणतोस होय?" इथेलने विचारलं.

"तुझ्या वडिलांनी तसंच शिकवलं. म्हणायचे, चौथ्याच्या आत गालाला लावशील तर वाटीच काढून घेईन."

"मला कधी बोलले नाहीत."

"तुला कशाला सांगतील? तू पाळण्यात होतास तेव्हापासून ऐकतोयस की."

वस्तरा लोण्यातून जावा तसा गेला. इथेलला मात्र आत कुठंतरी कापल्यासारखं झालं. बापाने परक्याला बसवून शिकवलं, आणि आपण कान असून ऐकलं नाही.

शनिवारी पाद्रीबुवा खुर्चीत टेकले. इथेलने पहिलं कडवं म्हटलं. दुसरं, तिसरं. वाटीत साय धरू लागली. चौथ्याला त्याने ब्रश म्हाताऱ्याच्या गालाला लावला, आणि रस्त्यापलीकडून, उघड्या खिडकीतून, मॉर्डेकायचा खर्ज येऊन सुरात मिसळला. खिडकी लावून घ्यायला इथेलचा हात उठला. पण त्या हातात ब्रश होता, आणि कडवं अजून संपलं नव्हतं.

पाद्रीबुवा डोळे मिटून बसले ते दाढी पुरी होईपर्यंत समोर जायला उठले नाहीत.

तर ऐकणाऱ्यांनो, उद्या सकाळी गालाला साबण लावाल तेव्हा घाई करू नका, आणि शेजारच्याला शिकवून मुलाला सांगायचं राहून गेलेल्या त्या एलायस प्रॉबर्टची घडीभर आठवण काढा.