धुक्यातली परीक्षा

सासूबाईंनी उजव्या हातातला मोजा काढला आणि दोरीवर वाळत घालावा तसा समोरच्या झुडपावर नीट पसरून ठेवला. वरून बारीक पाऊस पडत होता, वारा थेट अंगावर येत होता, आणि धुकं इतकं दाट होतं की त्या झुडपापलीकडचं झुडूपही दिसत नव्हतं.

"आई, मोजा," सून म्हणाली.

"असू दे गं. उकडतंय."

सुनेने मोजा उचलला, पिळला आणि खिशात टाकला. तिला भीती होती ती थंडीची नव्हती आणि वाट हरवण्याचीही नव्हती. झाली सुरुवात, एवढंच तिच्या मनात आलं. काहीही होवो, आज नापास व्हायचं नाही.

सासूबाई शाळेत खेळाच्या बाई होत्या. निवृत्त झाल्यावर त्या शिबिरं घ्यायला लागल्या. डोंगरात हरवलं, हाडबीड मोडलं, थंडीत सापडलं तर मदत येईपर्यंत जीव कसा टिकवायचा, हे त्या शिकवायच्या. त्यांची पद्धत एकच, फळा-खडू नाही, नाटक. कोणाला न सांगता त्या स्वतःच आजारी पडायच्या. चालता चालता मटकन खाली बसायच्या, बरळायच्या, डोळे फिरवायच्या. बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी व्हायचं. समोरच्याने करायचं ते सगळं केलं, की "चला, उठते आता" म्हणत कपडे झटकून उभ्या राहायच्या. नियमही एकच होता. 'हे नाटक आहे का?' असं विचारायचं नाही. विचारलं की नापास.

घर यातून सुटेल, असं थोडंच होतं! लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात सून चष्म्याच्या दुकानातून, म्हणजे तिच्या कामावरून, परतली तर सासूबाई स्वयंपाकघरात फरशीवर आडव्या. ती किंचाळत शेजारी धावली. जिना भरून माणसं जमली, कोणीतरी फोडलेला कांदाही घेऊन आलं. मग सासूबाई शांतपणे उठून बसल्या आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "नापास. श्वास चालू आहे का ते कोण बघणार?" तिचा नवरा पोट धरून हसला. तीही हसली, पण चारचौघांत झालेली ती शोभा तिच्या मनातून काही गेली नाही.

म्हणून आज, रविवारच्या शिबिरासाठी डोंगरवाटेवर खुणेच्या लाल चिंध्या बांधायला सासूबाईंनी तिलाच बरोबर घेतलं, तेव्हा ती काय ते समजून चुकली होती. दुपारी पावसाला सुरुवात झाली आणि नेमकी तिच्या रेनकोटची चेन तुटली. सासूबाईंनी आपला रेनकोट काढून तिच्या अंगावर टाकला आणि तिचा तुटका स्वतः चढवला. "मला सवय आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्यापुढे बोलायची सोय नसते. तिने मुकाट्याने घातला.

आता सासूबाई पुन्हा चिंधी बांधत होत्या. बांधून झाली, तशी त्याच फांदीवर दुसरी. मग तिसरी.

"आई, इथे एक बांधली की आपण."

"मला शिकवू नकोस."

त्यांची बोटं गाठ मारता मारता सुटत होती. चिंधी खाली पडली, तर त्यांनी ती उचलली नाही, नुसत्याच बघत राहिल्या. सुनेने ती उचलून त्यांच्या हातात दिली आणि मनातल्या मनात दाद दिली. बोटं वळत नाहीत हे पहिलं लक्षण, दुसरं बोलणं अडखळणं, तिसरं नको तो हट्ट. शिबिरात हे सगळं तिने दोनदा ऐकलं होतं. सासूबाई क्रमाने जात होत्या, एकही पायरी न गाळता.

"आपण जरा आडोशाला बसू या," ती म्हणाली. हे उत्तर बरोबर होतं. आधी वाऱ्यातून बाजूला व्हायचं.

"बसायचं कशाला? खाली घर आहे ना. उतरू या सरळ." सासूबाईंनी हात केला तिकडे नुसतं पांढरं धुकं होतं. तिकडे कडा आहे, असं सकाळी त्यांनीच तिला बजावलं होतं.

हा सापळा असणार. तिने त्यांच्या कोपराला धरलं आणि गोड बोलत एका मोठ्या खडकाच्या मागे आणलं. तिथे वारा कमी होता. तिने आपली सॅक जमिनीवर टाकून त्यांना तिच्यावर बसवलं, कारण जमीन अंगातली ऊब ओढून घेते. खजूर काढून दिले. सासूबाईंनी एक तोंडात घातला, चावला नाही, गालात तसाच धरून ठेवला. सून त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि वाट पाहू लागली. आता त्या म्हणतील, उठते आता.

सासूबाई थरथरत होत्या. दात वाजत होते, खांदे उडत होते. त्यातही सुनेला थोडा जास्तीचा अभिनय वाटला, आणि तिला हसू आलं. आपण केलं ते पुरेसं नाही की काय? काय राहिलं? ती मनातल्या मनात उजळणी करत बसली. ओले कपडे बदलणं राहिलं होतं. पण नाटकात सासूबाईंचे कपडे उतरवायचे? शिबिरात तेवढं नुसतं तोंडाने सांगायचं असे. सासूच्या अंगाला हात लावायचा म्हटल्यावर ती कचरली.

"आई, आता मी तुमचे कपडे बदलते, असं समजा," ती म्हणाली.

सासूबाई समोर धुक्यात बघत राहिल्या. त्यांची थरथर थांबली होती.

ती थांबली हे सुनेच्या लगेच लक्षात आलं, आणि थरथर थांबणं म्हणजे काय हेही तिला पाठ होतं. कुडकुडणारा माणूस अजून लढत असतो. कुडकुडणं थांबलं की घाबरायचं. शिबिरात या वाक्यावर सासूबाई नेहमी जरा थांबायच्या आणि सगळ्यांकडे आळीपाळीने बघायच्या. ही पुढची पायरी, सून स्वतःला म्हणाली. पुढचीच पायरी आहे ही. थरथर काय, थांबवली की थांबते.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "ताई," त्या म्हणाल्या, "आईला सांगू नकोस हं."

"काय सांगू नको?"

त्यांनी मान खाली घातली. सुनेने त्यांच्या नजरेच्या मागोमाग पाहिलं. सासूबाईंची करड्या रंगाची पँट मांड्यांवर पावसाने केव्हाच ओली होती. पण आता मधून वाफ निघत होती, अगदी थोडी, आणि लघवीचा वास आला.

इस्त्रीशिवाय दूध आणायलासुद्धा बाहेर न पडणारी बाई. नाटकासाठी कोणी इतकं करत नाही.

सून ताडकन उठली. आपण समोर बसून गुण मोजत होतो आणि ही बाई आपल्या डोळ्यांदेखत मरत होती. किती वेळ? तिला आठवेना. ती मोठ्याने ओरडली, "आई!" आणि मग, नियम गेला खड्ड्यात, "नाटक आहे का हे? सांगा ना! नापास करा मला, पण सांगा!"

सासूबाई तिच्याकडे पाहून हसल्या. ते हसू तिच्यासाठी नव्हतं, त्या कोणा ताईसाठी होतं.

त्यानंतरचं तिने रडत रडतच केलं. फोनला रेंज नव्हतीच. गळ्यातली शिट्टी तोंडात धरली, तीनदा फुंकली, थांबली, पुन्हा तीनदा. धुक्यातून काहीच परत आलं नाही. सासूबाईंच्या सॅकमधून ताडपत्री काढून तिने छपरासारखी खडकाच्या टोकाशी दगडांखाली दाबली. स्वतःचे जादा कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे होते, ते काढले. त्यांच्या बुटांच्या नाड्या सुटेनात, तेव्हा दातांनी ओढल्या. सासूबाईंची पँट उतरवताना त्या एकदम शुद्धीवर आल्यासारख्या झाल्या, त्यांनी तिच्या हातावर फटका मारला आणि म्हणाल्या, "लाज नाही वाटत?"

"नाही वाटत," सून म्हणाली. "पाय वर करा."

तिचीच पँट, तिचाच स्वेटर, तिचेच मोजे. सासूबाई तिच्याहून बुटक्या, म्हणून पँटचे पाय दुमडावे लागले. चोळायचं नाही, उभं करायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही. सासूबाई शिबिराच्या सामानात नेहमी ठेवायच्या ती स्लीपिंग बॅग उघडून तिने त्यांना आत घेतलं आणि रेनकोट काढून स्वतःही आत शिरली. चेन अर्ध्यावरच अडली. तिने त्यांची पाठ आपल्या छातीशी धरली. अंग असं गार होतं की तिला क्षणभर हात काढून घ्यावासा वाटला. तिने काढला नाही.

ती बोलत राहिली. दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगितल्या. नवऱ्याच्या तक्रारी केल्या, कारण त्या ऐकून सासूबाई हमखास भांडायच्या. आज भांडल्या नाहीत. मधे मधे ती मान बाहेर काढून शिट्टी फुंकायची, आणि मग त्यांच्या नाकापुढे हात धरून बसायची. श्वास यायचा, इतका हळू की दोन श्वासांच्या मधे तिची स्वतःची छाती थांबायची. परतायच्या वेळेला आपण परतलो नाही की नवरा शोधायला निघेल, चिंध्या बघत येईल, असं ती त्यांना सांगत होती, पण खरं तर स्वतःलाच. आणि धुक्यात त्याला चिंध्या दिसल्याच नाहीत तर? हे तिने सांगितलं नाही.

बऱ्याच वेळाने सासूबाईंचा खांदा उडाला. मग पुन्हा. मग सगळं अंग थडथडायला लागलं, दात वाजायला लागले, इतके जोरात की त्यांचं डोकं तिच्या हनुवटीवर आपटत होतं. सुनेने त्यांच्या ओल्या केसांत तोंड खुपसलं आणि हुंदके देऊन रडली. कुडकुडा, ती म्हणाली, कुडकुडा हो आई, अजून कुडकुडा. थर्मासमधलं साखरेचं कोमट पाणी तिने त्यांना घोटाघोटाने पाजलं. पहिला घोट त्यांनी नीट गिळला.

उजेड सरत आला तेव्हा खालून शिट्टीला शिट्टीने उत्तर आलं.

नवरा आणि शिबिराचा सेक्रेटरी, दोघांनी मिळून सासूबाईंना झोळीत घालून गाडीपर्यंत उतरवलं. गाडीत हीटर लावल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि रंगाबरोबर आवाजही. त्या मागच्या सीटवर घोंगडीत गुंडाळून सुनेला टेकून बसल्या होत्या. पाय समोर पसरले होते.

"दवाखान्यात कशाला नेताय?" त्या म्हणाल्या. "मी हिची परीक्षा घेत होते."

पुढच्या सीटवरून सेक्रेटरी वळला. "काय सांगता मॅडम! आमची तर पाचावर धारण बसली होती."

"मग! पुरी उतरली हो पोरगी. जरा उशीर केला, पण रडत का होईना, सगळं केलं. रविवारी मी हेच करणार आहे, वरच, त्या पठारावर. नवीन वीस जण आहेत. बघू कोण टिकतंय."

नवरा हसला. त्याच्या हसण्यात सुटकेचा श्वास होता. सुनेने सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. त्या थाप मारत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं. गालात धरलेला खजूर, ती ताई, तो कडा, त्यांच्या डोक्यात यातलं काही उरलंच नव्हतं. आणि रविवारी वीस नवी माणसं त्यांच्याभोवती बसतील, गुण मोजत. तिला पुन्हा थंडी वाजायला लागली. सांगायला हवं होतं. पण सांगायचं तर ते पँटचंही सांगावं लागणार, त्यांच्या मुलासमोर, सेक्रेटरीसमोर. 

गाडीला खड्ड्यात दणका बसला आणि घोंगडी घसरली. सासूबाई ती ओढायला वाकल्या. त्यांची नजर आपल्या पायांवर गेली. निळी पँट, घोट्याशी दोनदा दुमडलेली. बोलता बोलता त्या वाक्याच्या मधेच थांबल्या.

"ही तुझी," त्या हळूच म्हणाल्या.

"हो."

"माझी काय झाली?"

सुनेने आधी पुढच्या सीटकडे पाहिलं. "ओढ्यात भिजली," ती म्हणाली.

"ओढा?" नवरा आरशातून मागे बघत म्हणाला. "त्या वाटेला ओढा कुठे आहे?"

 काचेवरचे वायपर इकडून तिकडे जात होते. सासूबाई त्या दुमडलेल्या कापडाकडे बघत राहिल्या, मग त्यांनी सुनेकडे पाहिलं, आणि या वेळी ते पाहणं तिच्यासाठीच होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला होता.

"आहे एक," सासूबाई मुलाला म्हणाल्या. "तुला नाही माहीत."

थोडं अंतर गेल्यावर त्यांनी सेक्रेटरीला हाक मारली. "रविवारी मी येणार नाही. ही शिकवेल. आणि नाटक करायचं नाही कोणी. फळा घ्या."

"अहो पण मॅडम, तुमची पद्धत..."

"फळा घ्या म्हटलं ना."

मग त्यांनी घोंगडी छातीपर्यंत ओढली आणि खालून सुनेचा हात शोधला. त्यांचा हात आता उबदार होता, आणि तो कापत होता.