साबणाच्या पाण्यातला चाकू

मित्रांनो, मी एक जुना जपानी चाकू आहे. ओतूरच्या एका घरात, स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, पुठ्ठ्यात गुंडाळलेला पडून आहे. दीड वर्षात मी एक मिरचीसुद्धा चिरलेली नाही.

माझा जन्म जपानातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. लालबुंद पोलाद ठोकून मला घडवलं, विझवून कडक केलं आणि पातळ धार लावली. माझी धार लवकर जात नाही, पण ती वाकतही नाही. हाडावर आपटली की तुकडाच उडतो.

खेमचंद शेठच्या भांड्यांच्या दुकानात मी आलो. एके दिवशी कॉलेजात शिकवणारी आरती तिथे सासूबाईंना घेऊन आली. सासूबाईंचं नाव गोजरबाई. त्यांचा सगळा जन्म मढजवळच्या डोंगरात भात लावण्यात गेला होता. आता गुडघ्यांमुळे त्यांना विळीवर बसवत नव्हतं. ओट्याशी उभं राहून सगळं चिरता येईल असा एकच चाकू हवा होता.

शेठनी तीन चाकू मांडले. लांब चाकू गोजरबाईंनी उचलून लगेच ठेवला. "लई जड हाय. मनगट दुखंल." फळं सोलायचा चिमुकला बघून त्या हसल्या. "ह्यानं कोबी कवा चिरून व्हायचा?" मग त्यांनी मला धरलं, हवेतच दोनदा चिरल्यासारखं केलं. "ह्यो हाताला बसतो बघ."

"याला सांतोकू म्हणतात. भाजी, मासे, मटण, तिन्ही कापतो. आमच्या घरात त्यातली भाजीच चालते," शेठ म्हणाले. "पण वहिनी, हाड आणि नारळ याला दाखवू नका. आणि भांड्यांत भिजत टाकू नका."

गोजरबाईंनी ते सहा वर्षं पाळलं. मेथी, भोपळा, कांद्याची पात, सगळं माझ्याकडून व्हायचं. काम झालं की आधी मला धुऊन पुसायच्या. शेजारच्या ठमाबाई मला मागायला आल्या, तर गोजरबाई त्यांची भाजी चिरून द्यायच्या, पण मला द्यायच्या नाहीत.

एका रविवारी त्या ठमाबाईंकडे गेल्या असताना आरतीचा नवरा सुदर्शन मटण घेऊन आला. घाईत त्यानं मला नळीच्या हाडावर मारलं. कडकन आवाज झाला, धारेचा तुकडा उडाला. आई रागावेल म्हणून त्यानं मला सिंकमधल्या साबणाच्या पाण्यात, पातेल्याखाली सरकवलं.

गोजरबाई आल्या आणि नेहमीसारख्या भांडी घासायला उभ्या राहिल्या. त्यांनी पाण्यात हात घातला. मला ओरडता आलं असतं तर!

डॉक्टरांनी हात शिवला, पण उजव्या हाताची दोन बोटं वाकेनात. भाकरी थापणं संपलं.

"सकाळी पुसून ठिवला व्हता गं मी," त्या आरतीला म्हणाल्या.

आरतीनं माझं तुटलेलं पातं बघितलं. "आई, याच्यानं नारळ फोडलात का?"

सुदर्शन दारातच उभा होता. त्यानं पायात चपला सरकवल्या आणि तो बाहेर पडला.

गोजरबाई बराच वेळ आठवत राहिल्या. "ध्यानात न्हाई. फोडला आसंल. म्हातारी झाले, डोकं ऱ्हाईना."

त्या दिवसापासून त्यांचा स्वतःवरचा विश्वास गेला. आधी गॅस पेटवणं सोडलं, मग एकटीनं बाजारात जाणं. एकदा घरी कुणी नसताना सुदर्शननं मला खाली काढलं, तुटक्या धारेवरून अंगठा फिरवला आणि पुन्हा गुंडाळून ठेवलं.

मित्रांनो, चाकू वापरला की धुवा, पुसा, जागेवर ठेवा. आणि तुमच्या हातून काही मोडलं, तर त्याच दिवशी सांगा. तुटलेली धार दगडावर घासून पुन्हा लावता येते. पण रोज संध्याकाळी बाहेरच्या खोलीतून गोजरबाईंचा आवाज येतो, "आरती, मी गॅस बंद केला का गं?" आणि सुदर्शन उत्तर देतो, "हो आई, केलास." वर्षभर त्यांनी गॅसला हात लावलेला नाही.